तक्ता उलटा ठेवा

एकसष्टाव्या वर्षी मी मोडी शिकायला बसलो. आजोबांच्या ट्रंकेत एक जुनं खरेदीखत होतं. घरात ते कुणालाच वाचता येत नव्हतं, आणि निवृत्तीनंतर हाताशी वेळ होता. पहिले दोन महिने मी फार मन लावून अभ्यास केला. निदान मला तसं वाटत होतं. बाराखडीचा तक्ता भिंतीवर लावला होता. रविवारी दुपारी सलग तीन तास त्याच्यासमोर बसायचो, अक्षरं बघून बघून गिरवायचो. सगळं ओळखीचं वाटायचं. पण वर्गात बाईंनी फळ्यावर एक ओळ लिहिली की एक अक्षर लागेल तर शपथ. शेवटी एकदा बोलून गेलो, "वय झालं आता, डोक्यात काही राहत नाही."

बाई माझ्या मुलीच्या वयाच्या. त्या म्हणाल्या, "काका, घरी तक्ता समोर असतो ना? तो उलटा करून ठेवा. कोऱ्या कागदावर आठवतील तेवढी अक्षरं काढा. अडलं तरी लगेच बघू नका. थोडं आठवून बघा, मग तक्ता बघा."

त्या रात्री मला अकरा अक्षरं आली. दोन महिन्यांच्या अभ्यासाची ती कमाई बघून वाईट वाटलं. पण पुढच्या तीन आठवड्यांत सगळी मुळाक्षरं हाताखाली आली, आणि तीही रोज वीस मिनिटांत.

पन्नाशी-साठी ओलांडलेल्या आणि काही नवं शिकायची इच्छा मनात दाबून बसलेल्या प्रत्येकाला मला हेच सांगायचं आहे. पेटी असो, पोहणं असो, कन्नड असो की फोनवरून वीजबिल भरणं असो, "आठवत नाही" म्हणून आपण थांबतो. पण आठवत नसताना आठवायची जी धडपड होते, तिच्यातच शिकणं घडत असतं. पुन्हा पुन्हा नुसतं बघितलं की वस्तू ओळखीची होते. ओळखीची होणं वेगळं आणि येणं वेगळं. २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी तो मिटून आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. ती मुलं विशीतली होती हे खरं, पण माझा अनुभव साठीतला आहे आणि तोही हेच सांगतो.

खरं तर आपल्या पिढीला हे कुणी परदेशातून येऊन सांगायची गरज नव्हती. दिवेलागणीला परवचा म्हणायला बसवायचे, तेव्हा हातात पुस्तक असायचं का? बे एके बे पासून पावकी, निमकी, दिडकीपर्यंत सगळं तोंडाने म्हणायचं, अडलं की आजी पुढचा आकडा सांगायची, की पुन्हा पहिल्यापासून. रोज थोडं, न बघता, वर्षानुवर्षं. ती दिडकी आजही झोपेतून उठवून विचारली तर येते. एवढं चांगलं वळण लागलेलं असताना मोठेपणी आपण ते सोडून देतो आणि सहा महिन्यांचं काम एका रविवारी उरकायला बघतो.

रोज थोडं हे नुसतं सुभाषित नाही. इंग्लंडमध्ये टपालाची छाननी यंत्रावर आली, तेव्हा पोस्टातल्या लोकांना टंकलेखन शिकवायचं होतं. बॅडली आणि लाँगमन या संशोधकांनी त्यांच्या निरनिराळ्या तुकड्या केल्या आणि १९७८ साली निष्कर्ष मांडले. रोज एकच तास शिकणाऱ्यांना ५५ तासांत जेवढं आलं, तेवढं यायला रोज चार तास बसणाऱ्यांना ८० तास लागले. यातली मला फार महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. सर्वांत नाराज तुकडी होती ती एक तासवाल्यांची. दिवसांच्या हिशेबाने दुसरे पुढे चाललेत, आपण मागे पडतोय, असं त्यांना वाटत राहिलं. तुम्हालाही वाटेल. त्या वाटण्यावर विश्वास ठेवू नका.

माझी रीत सांगतो. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापून मी चिठ्ठ्या केल्या. एका बाजूला मोडी अक्षर, दुसऱ्या बाजूला देवनागरी. बिस्किटांचे तीन रिकामे डबे घेतले. पहिल्या डब्यातल्या चिठ्ठ्या रोज, दुसऱ्यातल्या तीन दिवसांनी, तिसऱ्यातल्या आठवड्याने. आली की पुढच्या डब्यात, चुकली की मुकाट पहिल्यात. झेबास्टियान लाइटनर नावाच्या जर्मन पत्रकाराने १९७२ साली अशीच पेटी पुस्तकात मांडली होती, हे मला मागाहून कळलं.

अक्षरं अशी बसली, पण सनाचे आकडे बसेनात. जुन्या कागदांत सुहूर सन अरबी शब्दांत लिहिलेला असतो: इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सीत, सबा, समान, तिसा. नऊ शब्द, पण अर्थाचा आधार नसला की वाळूसारखे निसटतात. इथे वयाचा फायदा होतो. लहान मुलाकडे टांगायला खुंट्या कमी असतात, आपल्याकडे घरभर असतात. अर्बा म्हणजे चार, कारण 'अरबट-चरबट'. खमस म्हणजे पाच, तर बशीत पाच खमंग भजी दिसली. समान म्हणजे आठ: इंग्रजी आठाच्या आकड्यात एकावर एक दोन समान गोल असतात. सीत आणि सहा, सबा आणि सात यांची सुरुवात एकाच अक्षराने. तिसा मात्र फसवतं, तीस वाटतं आणि असतात नऊ. ते मी चुकून चुकूनच शिकलो, आणि म्हणून ते आता कधीच चुकत नाही. आज 'अर्बा सबैन मया व अलफ' दिसलं की चार, सत्तर, शंभर, हजार अशी बेरीज आपोआप होते. ११७४ मध्ये ५९९ मिळवले की इसवी सन १७७३ हाती येतं. सुहूर वर्ष मृगापासून सुरू होतं, एवढं भान ठेवायचं.

दुसऱ्याने दिलेली खुंटी फारशी टिकत नाही. आपली आपण ठोकावी, कितीही वेडगळ असली तरी. ती कुणाला दाखवायची नसते.

वय आड येतच नाही असं मी म्हणणार नाही. एका वेळी पाच नव्या गोष्टी आता डोक्यात मावत नाहीत, म्हणून दोनच घ्याव्यात. जागरण करून पाठ केलेलं सकाळी उडून जातं, झोप नीट झाली की बसतं. जर्मनीत साठीच्या आसपासच्या लोकांना तीन महिने एकाच वेळी तीन चेंडू उडवून झेलायला शिकवलं. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात तरुणांच्या मानाने फार थोड्यांना ते नीट साधलं. तरीही शिकणाऱ्यांच्या मेंदूच्या काही भागांत वाढ झालेली चित्रांत दिसली, आणि सराव थांबवल्यावर ती ओसरली. तेव्हा खंड पडू देऊ नका, आणि दुसऱ्याच्या वेगाशी तुलना नको. एक मात्र वेगळं काढून सांगतो. चष्मा कुठे ठेवला ते विसरणं निराळं, आणि रोजच्या रस्त्यावरून घरी येताना वाट चुकणं, तोच प्रश्न तासाभरात चारदा विचारणं निराळं. तसं काही दिसलं तर चिठ्ठ्या करत न बसता डॉक्टरांना गाठा.

आता थोडं घरातल्या मुलांशी आणि सुनांशी बोलतो. आई फोनवरून पैसे कसे पाठवायचे विचारते. तुम्ही घाईत असता. "दे इकडे" म्हणून फोन घेता, चार वेळा बोट फिरवता, "झालं, बघ" म्हणून परत देता. तिने बघितलं, समजल्यासारखं वाटलं, आणि आठवड्याने ती पुन्हा विचारते. मग तुमचा आवाज चढतो आणि ती विचारायची बंद होते. माझ्या शेजारच्या वहिनींचं हेच झालं होतं. त्यांचा नातू सुट्टीला आला तेव्हा त्याने फोनला हातच लावला नाही. "आजी, आता काय दाबायचं?" एवढं विचारायचा आणि गप्प बसायचा. पिन टाकताना तोंड दुसरीकडे फिरवायचा. पहिल्या दिवशी दहा रुपये त्याच्या आईला पाठवायला त्यांना पाव तास लागला. दुसऱ्या दिवशी पुन्हा दहा, मग एक दिवस सोडून. दिवाळीत भाजीवाल्याचे पैसे त्यांनी माझ्यासमोर दिले.

फोन तिच्याच हातात राहू द्या. बोट पडद्यावर अधांतरी थांबलेलं दिसेल, कपाळाला आठी पडलेली दिसेल. तेव्हा मनात वीसपर्यंत मोजा.