ठार वेडे? छे, ठार शहाणे!

'डार्क' म्हणतात तसली कुठलीही कथा-कादंबरी वाचून झाली की आपली मंडळी एकच शेरा मारतात. "काय सायको रंगवलाय राव!" संपलं. पुस्तक कपाटात आणि वाचणारा झोपायला मोकळा. माझं भांडण या शेऱ्याशी आहे. ज्यांना रविवारच्या चहाबरोबर भांडण चालत नाही त्यांनी इथूनच रजा घ्यावी :-)

माझं म्हणणं असं की या कथांमधली क्रूर माणसं बहुतेक वेळा वेडी नसतातच. आपण त्यांना वेडं ठरवतो, कारण मग ती आपल्यातली राहत नाहीत.

एडगर अॅलन पोची 'द टेल-टेल हार्ट' घ्या. जानेवारी १८४३ मध्ये छापून आलेली, जेमतेम पाच-सहा पानांची कथा. निवेदकाला एका म्हाताऱ्याचा डोळा खुपतो. गिधाडासारखा, वर निळसर पडदा आलेला. सलग सात रात्री तो म्हाताऱ्याच्या खोलीचं दार इंचाइंचानं उघडतो आणि कंदिलाची बारीक तिरीप त्या डोळ्यावर पाडतो. डोळा मिटलेला असतो, म्हणून परत फिरतो. सकाळी मात्र खोलीत जाऊन प्रेमानं चौकशी, रात्र कशी गेली वगैरे. आठव्या रात्री डोळा उघडा सापडतो. पुढे खून, प्रेताचे तुकडे, जमिनीच्या फळ्यांखाली विल्हेवाट. आणि हे सगळं सांगताना गडी पहिल्या ओळीपासून बजावत असतो की मी वेडा नाही.

यावर जाणकार गालात हसतात. "वेडाच असं म्हणतो!" हा युक्तिवाद मला कधीच पटलेला नाही. तो 'आहे' म्हणाला तरी वेडा, 'नाही' म्हणाला तरी वेडा. मग त्याला विचारता कशाला? बरं, डोळ्यापायी खून म्हणजे वेडच, असं म्हणावं तर आपल्याकडे बांधाच्या वीतभर जमिनीवरून भावानं भावाच्या डोक्यात कुऱ्हाड घातल्याच्या बातम्या येतातच की. त्याला कोणी वेडा म्हणत नाही. कारण क्षुल्लक असणं म्हणजे वेड नव्हे.

गंमत बघा. ही कथा आली त्याच महिन्यात, २० जानेवारी १८४३ ला, लंडनमध्ये डॅनियल मॅकनॉटन नावाच्या माणसानं एडवर्ड ड्रमंडला गोळी घातली. ड्रमंड हा पंतप्रधान रॉबर्ट पील यांचा सचिव. सत्ताधारी पक्ष आपल्या मागे लागलाय, आपला छळ करतोय, असा मॅकनॉटनचा पक्का भ्रम होता. ज्यूरीनं त्याला वेडाच्या कारणावरून निर्दोष ठरवलं आणि उरलेलं आयुष्य तो वेड्यांच्या इस्पितळात राहिला. त्यावर इंग्लंडात गदारोळ झाला आणि न्यायाधीशांनी एक कसोटी घालून दिली: आपण काय करतोय हे त्या माणसाला कळत होतं का, आणि ते चूक आहे हे कळत होतं का? तीच कसोटी इंग्रजांनी १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ८४ म्हणून आणली. आज ती भारतीय न्याय संहितेत कलम २२ म्हणून आहे.

आता ही कसोटी पोच्या निवेदकाला लावा. रक्ताचा डाग राहू नये म्हणून त्यानं टब वापरला. फळ्या कोणाला ओळखू येणार नाहीत अशा परत बसवल्या. पोलिस आले तेव्हा हसून घर दाखवलं आणि स्वतःची खुर्ची नेमकी प्रेतावर मांडली. कळत नव्हतं? माझ्यापेक्षा जास्त कळत होतं!

"पण शेवटी त्याला ते हृदय ऐकू येतं ना, तोच अपराधीपणा!" हा दुसरा आवडता सिद्धांत. कथा परत वाचा. मरणाच्या आधी म्हातारा अंधारात घाबरून बसलाय, तेव्हा निवेदकाला त्याची कीव येते, आणि त्याच क्षणी मनातल्या मनात हसूही येतं. कबुली देतानासुद्धा म्हाताऱ्यासाठी एक हुंदका नाही. पोलिसांना सगळं कळलंय आणि ते आपली टर उडवताहेत, हे त्याला सहन होत नाही, म्हणून तो ओरडतो. याला मी अपराधीपणा म्हणणार नाही. दुखावलेला अहंकार म्हणेन.

दस्तयेव्हस्कीनं हेच 'क्राइम अँड पनिशमेंट'मध्ये (१८६६) सविस्तर केलंय. रास्कोलनिकोव्हला ताप येतो, भ्रम होतो, बेशुद्ध पडतो, म्हणून वाचक हळहळतात. पण खुनाआधी त्यानं पावलं मोजलेली आहेत, कोटाच्या आत कुऱ्हाडीसाठी फास शिवलेला आहे, आणि असामान्य माणसांना रक्त सांडायचा हक्क असतो असा लेखही लिहिलेला आहे. उपसंहारात कोर्ट काय करतं? खटल्यात त्या काळी फॅशनमध्ये असलेला तात्पुरत्या वेडाचा सिद्धांत उपयोगी पडतो आणि शिक्षा होते फक्त आठ वर्षं. लेखक तिथे गंभीर नाही, चक्क टोमणा मारतोय. आणि सैबेरियात गेल्यावरही रास्कोलनिकोव्हला खुनाचा पश्चात्ताप बराच काळ होत नाही. आपल्याला जमलं नाही आणि आपण कबुली देऊन बसलो, याचीच लाज वाटते.

आणि लिझावेता? सावकारीण म्हातारीची सावत्र बहीण, गरीब, कोणाच्या अध्यात ना मध्यात, अवेळी घरी आली म्हणून मारली गेली. आपण तिच्याबद्दल जवळजवळ विचारच करत नाही, जणू तिला मारलंच नाही, याचं खुद्द रास्कोलनिकोव्हला एकदा नवल वाटतं. वाचकांना तर तेवढंही वाटत नाही. ते त्याच्या 'मनोविश्वात' रमलेले असतात.

आमच्या धंद्यात सर्व्हर पडला की कारण शोधायला मीटिंग भरते. शेवटी कोणीतरी 'ह्यूमन एरर' असं लिहितो आणि तिकीट बंद होतं. पुढच्या महिन्यात सर्व्हर परत त्याच कारणानं पडतो. 'वेडा होता' हे त्यातलंच.

हे केवळ साहित्यावरचं भांडण असतं तर मी एवढा तावातावानं लिहिलं नसतं. माझ्या मावशीला तीस वर्षांहून जास्त काळ स्किझोफ्रेनिया आहे. तिला आवाज ऐकू येतात. ते तिला कोणाला मारायला सांगत नाहीत, तू नालायक आहेस एवढंच सांगत राहतात. तिनं आजवर झुरळही मारलेलं नाही. तिच्याच सोसायटीत एक सद्गृहस्थ बंद दाराआड बायकोला बडवतात, हे चारही मजल्यांना माहीत आहे. गणपतीच्या आरतीचा मान त्यांचा. आणि 'त्यांच्याकडे जायचं नाही हं' असं पोरांना कोणाच्या दाराबद्दल सांगतात? मावशीच्या!

ही भीती आली कुठून? काही प्रमाणात तरी अशाच गोष्टींमधून. हिचकॉकच्या 'सायको'नं (१९६०) शेवटी एक मानसोपचारतज्ज्ञ उभा करून सगळं समजावून सांगितलं. नॉर्मन बेट्स आजारी होता, मान्य. पण नंतर त्याच्या साच्यातून इतके खुनी काढले गेले की आजार आणि सुरा ही जोडीच होऊन बसली. खऱ्या आजाराचे हाल बघायचे तर आपल्याकडे 'देवराई' (२००४) आहे. अतुल कुलकर्णीचा शेष स्वतः होरपळतो, बहिणीचं घर होरपळतं. फार थोड्यांनी बघितलाय. त्यात कोणी सुरा घेऊन फिरत नाही ना, म्हणून असेल.

आणि शुद्ध क्रौर्य बघायचं तर तेंडुलकरांचं 'गिधाडे'. डॉ. लागूंनी ते १९७० मध्ये रंगमंचावर आणलं. पैशासाठी मुलगे बापाला दारू पाजतात, बहिणीचा पाय मोडतात, मग तिच्या पोटावर लाथ घालतात. तिच्या साडीवरचा लाल डाग सेन्सॉरला खटकला. तेव्हा डाग निळा करून, तो लाल समजावा अशी घोषणा प्रेक्षकांना करण्यात आली. घरात एकही वेडा नाही. सगळ्यांना हिशेब येतो, मालमत्तेचे कायदे कळतात.

तर रमाकांतला नेमका कुठला आजार होता हे सांगणारा कोणी असेल तर माझी ऐकायची तयारी आहे. आजाराचं नाव मात्र नीट घ्यायचं, लक्षणं सांगायची. 'सायको' चालणार नाही.