फेकू नका, आणि लपवूही नका

इलेक्ट्रिक गिटार बनवताना राउटर घसरला की दोन प्रकारचे सल्लागार ताबडतोब हजर होतात. पहिला म्हणतो, "गेलं लाकूड! फेकून दे, नवी फळी आण." दुसरा म्हणतो, "त्यात काय एवढं? भुसा-फेविकॉल कालवून भर, वर लांबी मार, रंग दे. कोण बघतंय?"

माझं दोघांशीही भांडण आहे, आणि आज ते जरा सविस्तर भांडायचं आहे.

आधी घरच्या मंडळींसाठी खुलासा. हा राउटर म्हणजे वायफायचा डबा नव्हे :-) हे सुतारकामाचं यंत्र. एक छोटं पातं मिनिटाला वीस-पंचवीस हजार फेऱ्यांनी गरगरतं आणि फळीत खड्डे कोरतं. गिटारच्या बॉडीत मान बसवायची खोबण, पिकअपचे खड्डे, वायरिंगची पोकळी, सगळं यानेच करायचं. टेम्प्लेट जरासं सरकलं, पातं नीट आवळलेलं नसल्यामुळे हळूहळू खाली उतरत गेलं, किंवा एका दमात जास्त खोल जायचा मोह झाला, की कारभार आटोपला. कोपऱ्याची ढलपी उडते, खोबण रुंद होते, नाहीतर खड्डा भलतीकडेच पडतो.

ओळखीतल्या एका मुलाचं असंच झालं. कॉलेजात आहे, शिकवण्या घेऊन पैसे साठवले, महोगनीची फळी आणली. मानेची खोबण दीड मिलिमीटर रुंद झाली. एका जाणत्या गृहस्थांनी निकाल दिला, "टोन गेला." पोरगं महिनाभर त्या फळीकडे फिरकलं नाही. मला राग आला तो इथे. चूक दीड मिलिमीटरची होती, आणि शिक्षा?

"टोन गेला" म्हणजे नेमकं काय गेलं हो? इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप म्हणजे चुंबक आणि तारेचं वेटोळं. पोलादी तार कंप पावते, वेटोळ्यात वीज तयार होते, ती अ‍ॅम्प्लिफायरकडे जाते. लाकडाचा आवाजावर किती परिणाम होतो यावर लोक वर्षानुवर्षं हमरीतुमरीवर येतात. येऊ देत. पण काडेपेटीएवढा तुकडा डिंकाने बसवल्यामुळे गिटार मुकी होते, हे कुठून आलं? पन्नास-साठच्या दशकातल्या ज्या फेंडर गिटारसाठी लोक आज लाखो रुपये मोजतात, त्यांतल्या बऱ्याच बॉड्या दोन-तीन तुकडे जोडूनच केलेल्या आहेत. लेस पॉलमध्ये तर महोगनीवर मेपलचा थरच चिकटवलेला असतो. कारखान्याने जोडलं तर 'व्हिंटेज', आणि आपण जोडलं तर 'बाद'?

आणि दूर कशाला जायचं, आपल्याकडे तानपुऱ्याचा भोपळा तडकला तर कुणी तानपुरा उकिरड्यावर टाकत नाही. जाणत्या कारागिराकडे नेऊन सांधून घेतात.

आता दुसरे गृहस्थ, लांबीवाले. हे जास्त धोकादायक, कारण यांचा सल्ला सोपा आहे आणि पहिले काही महिने खरा वाटतो. लांबी लाकडासारखी वागत नाही. पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. लांबी आपल्याच तंद्रीत असते. एखाद-दोन पावसाळे गेले की चकचकीत रंगाखालून जुन्या खड्ड्याची कड भुतासारखी वर येते. हे झालं दिसण्याचं. त्याहून वाईट म्हणजे तिच्यात स्क्रू धरत नाही. साध्या १०-४६ च्या सेटमधल्या सहा तारांचा एकत्रित ताण साधारण ४५ किलो असतो. तो ताण पेलणाऱ्या ब्रिजचे स्क्रू तुम्ही भुशाच्या लगद्यात पिळणार? वरवरचा पोचा किंवा टाचणीएवढी भोकं लांबीने भरा, माझी ना नाही. पण जिथे भार येतो किंवा काठ पुन्हा धारदार हवा असतो, तिथे लाकडाच्या जागी लाकूडच हवं.

आणि ते फार अवघडही नाही. वेडावाकडा खड्डा आधी टेम्प्लेट लावून सरळ, स्वच्छ करून घ्या. हो, चुकलेला खड्डा आणखी थोडा मोठा करायचा, इथेच लोक कचरतात. मग त्याच फळीच्या उरलेल्या भागातून ठोकळा कापा. ठोकळ्याचे रेषे बॉडीच्या रेषांच्याच दिशेने गेले पाहिजेत. आडवा बसवला तर सांधा आयुष्यभर ओरडून सांगेल. ठोकळा हाताने दाबून बसावा, हातोडीने नव्हे. फेविकॉल लावा, क्लॅम्प आवळा, आणि मग सगळ्यात कठीण काम करा... काहीच करू नका. फेविकॉलमधलं पाणी आजूबाजूचं लाकूड पितं आणि फुगतं. त्याच दिवशी रंधा मारून सपाट केलंत तर पुढे ते सुकून खाली बसतं आणि सांध्यावर बारीक नाळ उरते. आठवडाभर थांबा, मग सपाट करा, मग नव्याने राउट करा. मानेची खोबण रुंद झाली असेल तर भिंतीला पातळ पट्टी चिकटवून हेच करायचं. त्या मुलाने शेवटी तेच केलं. पट्टी कुठे आहे ते दाखवल्याशिवाय दिसत नाही.

शुद्धतावाद्यांना दोन गिटारची आठवण करून देतो. ब्रायन मे आणि त्याच्या वडिलांनी १९६३ साली घरी गिटार बनवायला घेतली. मानेला लाकूड वापरलं जुन्या शेकोटीच्या चौकटीचं, तेही किडलेलं. किडीची भोकं त्यांनी काडेपेटीच्या काड्यांनी बुजवली. तीच गिटार २००२ साली बकिंगहॅम राजवाड्याच्या गच्चीवर वाजली. दुसरी एडी व्हॅन हेलनची. स्वस्तातली बॉडी, मोठा पिकअप मावावा म्हणून पटाशीने ओबडधोबड कोरलेली. २००७ मध्ये फेंडरने तिच्या हुबेहूब ३०० प्रती काढल्या, किंमत प्रत्येकी २५,००० डॉलर. म्हणजे एकाची ओबडधोबड कोरणी कारखान्याने मापं घेऊन पुन्हा कोरली!

सगळंच दुरुस्त होतं असं मात्र मी म्हणणार नाही. ट्रस रॉडची खाच मानेच्या पाठीतून बाहेर डोकावली असेल, तर ती मान सोडून द्या. तारांचा ताण मान कायम वाकवत असतो. तिथे हौस कामाची नाही. बॉडीचं तसं नाही. तिच्यात लाकूड मुबलक असतं.

शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते सर्वात महत्त्वाचा. दुरुस्त केलेली गिटार विकणार असाल तर घेणाऱ्याला सांगा. कुठे, काय, कशाने जोडलं ते सांगा. लांबीवाल्यांचा खरा गुन्हा लांबी हा नाहीच, "कोण बघतंय?" हा आहे. आणि फेकून द्या म्हणणाऱ्यांचा खरा गुन्हा असा, की त्यांच्यामुळे नवी पोरं लाकडाला हात लावायलाच घाबरतात. वाढायला कित्येक वर्षं लागलेलं एक झाड दीड मिलिमीटरसाठी कचऱ्यात जातं, ते वेगळंच.

सांधता येईल ते सांधावं, आणि सांधा आहे हे सांगायची लाज वाटू नये. पटत नसेल तर जरूर भांडायला या. फक्त येताना एकदा तरी स्वतः ठोकळा बसवून या.