पुरावा कुणी कुणाला द्यायचा?

कुर्ल्याचा इतिहास सांगणारे दोन जातीचे. एक म्हणतो, कुर्ला केवढा वाढला बघा! दुसरा गळा काढतो, जुनं कुर्ला गाव काय गोड होतं, बाजार, मिठागरं, कोळणींच्या पाट्या! दोघांच्याही पोथीत आपण नाही. पहिल्याच्या लेखी आपण अतिक्रमण. दुसऱ्याच्या लेखी आपण वेशीबाहेर, म्हणजे पानाच्याही बाहेर.

तेव्हा मित्रांनो, हा हिशोब आपणच मांडू.

१८०५ साली शीवचा बांध पुरा झाला. मुंबई बेट साष्टीला जोडलं गेलं. रस्ता आला, मागनं मालक आला. १८०८ साली कंपनी सरकारनं कुर्ला आणि सोबतची सहा गावं होरमसजी बमनजी वाडियांना देऊन टाकली. कशाच्या बदल्यात? मुंबईत अपोलो बंदराच्या दरवाजाजवळच्या जमिनीच्या एका तुकड्याच्या! सात गावं, त्यातली शेतं, बाजार, सगळं एका कागदावर इकडचं तिकडं. कुळाला कुणी विचारलं नाही. मग महारवाड्याला कोण विचारतो?

पुढं गिरणी आली. १८८६ साली जमशेटजी टाटांनी कुर्ल्याची धरमसी गिरणी घेतली, नाव ठेवलं स्वदेशी. बाजाराचं गाव भोंग्यावर उठायला लागलं. पण मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्याला मज्जाव. कांडीचा धागा तोंडानं ओढायचा, तर म्हणे ओठ बाटतात! पगार जास्त त्या खात्यात, म्हणून बाट पण जास्त. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपात हा सवाल संपवाल्या पुढाऱ्यांच्या तोंडावर टाकला.

आता नीट ऐका. मुंबईनं कुर्ल्याला हद्दीत घेतलं १९५० साली. घाण मात्र त्याच्या कितीतरी आधी पाठवली. कुर्ल्याहून चेंबूरकडं १९०६ साली रूळ टाकले ते कचऱ्याच्या गाड्यांसाठी. त्या रुळांवरनं माणसांची गाडी सुटली १९२४ साली. आधी कचरा, अठरा वर्षांनी माणूस! १९२७ पासून देवनारला डंपिंग. १९७१ साली वांद्र्याचा कत्तलखाना उचलला, तोही देवनारला. खेड्यात महारवाडा वेशीबाहेर. शहरानं वेस मोडली नाही, फक्त पुढं सरकवली. आणि हा कचरा उचलायला, गटारात उतरायला कुणाची माणसं होती, हे तुम्हाला सांगायला पायजे का?

म्हणून जुन्या गावासाठी आपण रडायचं नाही. ४ नोव्हेंबर १९४८ ला बाबासाहेबांनी घटना समितीत गावाचे गोडवे गाणाऱ्यांची सालटी काढली. आपण गाव सोडला तो शहराच्या आशेनं. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातनं निघालेले लोक कशासाठी निघाले? खाडीच्या कडेला गुडघाभर चिखलात दगडमाती टाकून जमीन कुणी केली? आणि जमिनीला भाव आल्यावर मालक कोण निघाले?

वांद्रे-कुर्ला संकुल म्हणे! नाव आमच्या कुर्ल्याचं, काच त्यांची, आणि आमची बाई तिथं फरशी पुसायला.

आणि आता साहेब विचारतो : १ जानेवारी २००० च्या आधीचा पुरावा दाखव. आजोबानं भर टाकली, बापानं झाडू मारला, नातवानं कागद दाखवायचा. कागद पुरात गेला असेल, आगीत गेला असेल, तर तू इथला नाहीस.

अरे, वाडियांना कुणी तारीख विचारली? टाटांना विचारली? खुद्द महानगरपालिकाच कुर्ल्यात आली १९५० साली. तिनं कुणाला पुरावा दाखवला? शहर चालून आमच्या दारात आलं आणि आता आम्हालाच विचारतं, तुम्ही कधी आलात!

पोरांनो, नुसत्या घोषणांनी हे भागायचं नाही. वस्तीवस्तीत वह्या काढा. १९७६ च्या झोपडी गणतीचे फोटोपास, सफाई खात्याचे हजेरीकार्ड, रेशनकार्ड, शाळेचे दाखले, सगळं उतरून घ्या. म्हाताऱ्यांना विचारा, पहिला नळ कोणत्या साली आला, विहार कुणी बांधलं, भर कुठून आणली. साल लिहा, सही नाहीतर अंगठा घ्या. त्यांच्याकडं सातबारा आहे. आपल्याकडं ही वही पाहिजे. ती टेबलावर आपटायची आणि विचारायचं : आता तुमचा पुरावा दाखवा.

जयभीम!