डॉल्फिन्सना नशिबाची साथ?



गेल्या अंकातील लेखात अमेरिकन फुटबॉलमधल्या मायामी डॉल्फिन्स संघाचा १९७२ चा अपराजित हंगाम ‘दुबळ्या प्रतिस्पर्ध्यांची कृपा’ ठरवला आहे. साखळीतल्या प्रतिस्पर्ध्यांपैकी फक्त दोघांचेच विजय पराभवांहून जास्त होते, हे मान्य. पण लेखक तिथेच थांबतात. पाचव्या सामन्यात क्वार्टरबॅक बॉब ग्रीसीचा पाय मोडला, याचा उल्लेखही नाही! त्याच्या जागी आला ३८ वर्षांचा अर्ल मोरल. बाल्टिमोरने सोडल्यावर शंभर डॉलरांत मिळालेल्या या गड्याने साखळीतला एकही सामना हातचा जाऊ दिला नाही.

त्या काळी उपांत्य सामन्याचे यजमानपद कामगिरीवर नव्हे, आळीपाळीने ठरे. त्यामुळे साखळीतले चौदाच्या चौदा सामने जिंकूनही मायामीलाच पिट्सबर्गला जावे लागले. तिथे पंटर लॅरी सीपलने किक मारण्याऐवजी चेंडू घेऊन ३७ यार्डांची धूम ठोकली, उत्तरार्धात ग्रीसी परतला आणि २१-१७ असा निसटता विजय मिळाला. याला कृपा म्हणायचे?

अंतिम सामन्यात वॉशिंग्टनला ७ गुण मिळाले तेही गारो येप्रेमियनमुळे. अडवली गेलेली किक उचलून हा किकर पास फेकायला गेला! (ती चित्रफीत जरूर पाहावी.) तरी मायामी १४-७ जिंकली.

राहिला लेखकाचा लाडका पेट्रियट्स संघ. २००७ च्या हंगामात त्यांचा खेळ अधिक देखणा होता, वादच नाही. सलग अठरा सामने जिंकले. एकोणिसाव्यात, म्हणजे सुपर बोल या अंतिम सामन्यात, जायंट्सनी त्यांना १७-१४ हरवले.

– एक नियमित वाचक