जादूच्या पडद्यावर मराठी मूल कुठे?

रामटेकच्या गडमंदिराकडे जाणाऱ्या वाटेवर केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह अशी दोन प्राचीन मंदिरे आहेत. वाकाटकांच्या काळातील, म्हणजे सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीची ही मंदिरे देशातील सर्वांत जुन्या नरसिंह मंदिरांमध्ये गणली जातात. येथील नरसिंह खांब फोडून बाहेर पडणारा नाही आणि त्याच्या मांडीवर हिरण्यकशिपूही नाही. हाती चक्र घेऊन तो ऐसपैस बसला आहे.

जुलै २०२५ मध्ये 'महावतार नरसिंह' हा ॲनिमेशनपट प्रदर्शित झाला आणि भारतीय ॲनिमेशनपटांच्या कमाईचे सारे विक्रम त्याने मोडले. राक्षसकुळात जन्मलेला, पित्याच्या सत्तेपुढे न झुकणारा बाल प्रल्हाद पाहायला मुले आईवडिलांना ओढत चित्रगृहात नेत होती. चित्रपट हिंदी, कन्नड, तेलुगू, तमीळ आणि मल्याळम अशा पाच भाषांत झळकला. त्यांत मराठी नव्हती. ज्या गडावर नरसिंह दीड हजार वर्षे बसून आहे, त्या गडाच्या पायथ्याशी राहणाऱ्या मुलाने प्रल्हादाला हिंदीत ऐकले.

ही एका चित्रपटाच्या निर्मात्याविरुद्धची तक्रार नव्हे. मराठी आवृत्ती काढणे परवडत नाही, असे त्याचे गणित असणार आणि ते चुकीचे ठरवण्याइतका पुरावा मराठी प्रेक्षकाने आजवर दिलेला नाही. मात्र राज्य शासनाने रामटेक तालुक्यात चित्रनगरी उभारण्याची योजना जाहीर केलेली असताना हा प्रश्न निव्वळ हळहळीचा राहत नाही. जादू, अद्भुत आणि बालनायक हे आज जगभरात चित्रपटगृहे भरणारे विषय आहेत. त्यांत मराठीचा वाटा कोणता, याचा विचार चित्रनगरीची पहिली वीट बसण्याआधीच व्हायला हवा.

गमतीची बाब अशी, की या प्रकाराचा भारतातील प्रारंभ मराठी माणसानेच केला. दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) नंतर 'लंकादहन' (१९१७) केला आणि हनुमानाला पडद्यावर उडवले. त्यानंतर आला 'कालिया मर्दन' (१९१९). त्यातला बाळकृष्ण होता फाळके यांची सात वर्षांच्या आसपासची कन्या मंदाकिनी. चित्रपटाच्या आरंभी ही चिमुरडी कॅमेऱ्यासमोर चेहऱ्यावरचे एकेक भाव करून दाखवते आणि मग कृष्ण होते. जणू दिग्दर्शक प्रेक्षकाला आधीच सांगून टाकतो, की हे सोंग आहे, आता सोंगात रमा. यमुनेच्या डोहात ती प्रचंड नागाशी झुंजते. त्या काळी संगणक नव्हता. होती ती दुहेरी छायांकनाची युक्ती, कात्री आणि धीर. सुदैवाने या चित्रपटाचा मोठा भाग टिकून आहे. आजच्या मुलाला तो दाखवून पाहावा. मुलगी कृष्ण झाली आहे हे कळल्यावर तो अधिकच टक लावून पाहतो, आणि चित्रपट मूक असल्याने भाषेचा प्रश्नच उद्‌भवत नाही.

'प्रभात'ने हीच वाट पुढे नेली. व्ही. शांताराम यांच्या 'माया मच्छिंद्र'मध्ये (१९३२) नाथपंथी कथेतील मायाजाल होते. पण या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा चित्रपट म्हणजे दामले-फत्तेलाल यांचा 'संत ज्ञानेश्वर' (१९४०). आज तो भक्तिपट म्हणून पाहिला जातो, आणि त्यात गैर काही नाही. परंतु त्याची कथा क्षणभर भक्तीचा चष्मा काढून सांगितली तर काय उरते? समाजाने वाळीत टाकलेली, आईबापांचे छत्र हरपलेली चार भावंडे. त्यांना कोणी दारात उभे करत नाही. विद्वानांच्या सभेत त्यांची परीक्षा घेतली जाते आणि रेडा वेद बोलतो. वाघावर बसून येणाऱ्या सिद्धयोग्याला भेटायला ही मुले निर्जीव भिंतीवर बसून जातात. अनाथ मूल, त्याला नाकारणारे जग आणि त्याच्या अंगी असलेली अलौकिक शक्ती ही चौकट हॅरी पॉटरमुळे जगभर पोचली खरी. आळंदीच्या कथेत ती शतकानुशतके आहे. 'प्रभात'च्या तंत्रज्ञांनी ती भिंत अशी चालवली, की आठ दशकांनंतरही प्रेक्षक ती कशी चालवली असेल याचा विचार नंतर करतो.

मग हा धागा तुटला कोठे? मराठी पडद्यावरून जादू गेली नाही आणि मूलही गेले नाही. दोघांची ताटातूट मात्र झाली. जादू गेली महेश कोठारे यांच्याकडे. 'धडाकेबाज'मधील (१९९०) बाटलीतला गंगाराम आणि 'झपाटलेला'मधील (१९९३) तात्या विंचू यांनी एका अख्ख्या पिढीला हसवले आणि घाबरवले. रामदास पाध्ये यांनी घडवलेला तो बाहुला आजही महाराष्ट्रात कोणालाही ओळखता येतो. पण या चित्रपटांचे नायक मोठी माणसे होती आणि मुले प्रेक्षागृहात होती. स्वतः कोठारे 'छोटा जवान'मधून (१९६३) बालकलाकार म्हणून पुढे आले होते, हा योगायोग येथे आठवल्यावाचून राहत नाही.

मूल गेले वास्तववादाकडे. 'श्वास' (२००४), 'टिंग्या' (२००८), 'एलिझाबेथ एकादशी' (२०१४), 'नाळ' (२०१८) या चित्रपटांतील बालकलाकारांनी मराठी चित्रपटाची मान उंचावली. त्यांच्या वाट्याला आजार आला, कर्ज आले, बैल आणि सायकल आली. जादू मात्र आली नाही. अपवाद नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'चा (२०१३), आणि तोही विलक्षण. जब्या काळ्या चिमणीच्या मागे रानोमाळ हिंडतो, कारण तिची राख टाकली की शालू वश होईल, असे त्याला सांगण्यात आले आहे. चिमणी हाती लागत नाही. ज्या मुलाला गावाने डुकरे धरायला लावले, त्याला जादू नाकारणारा हा चित्रपट खरे तर जादूविषयीचा मराठीतला सर्वांत कठोर चित्रपट म्हणावा लागेल. पण एखाद्या जब्याला ती चिमणी सापडली तर काय होईल, हा चित्रपट अजून कोणी काढलेला नाही.

दरम्यान मराठी मातीतील अद्भुत हिंदीत गेले आणि तेथे यशस्वी झाले. 'तुंबाड' (२०१८) या चित्रपटाचे मूळ विदर्भाशी जोडलेले आहे, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांना नागझिरा अभयारण्यात एका मित्राने नारायण धारप यांची एक कथा सांगितली आणि ती त्यांच्या मनात घर करून बसली. ते नागझिरा रामटेकपासून फार दूर नाही. नावासाठी श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत'ची आठवण, कथेसाठी धारप, दिग्दर्शक मराठी, घडते सारे महाराष्ट्रात. भाषा मात्र हिंदी. सप्टेंबर २०२४ मध्ये हा चित्रपट पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा पहिल्या खेपेपेक्षा अधिक गल्ला त्याने जमवला. आदित्य सरपोतदार यांच्या 'मुंज्या'ची (२०२४) कथाही तीच. पिंपळावरचा मुंज्या हा घरोघरीच्या आज्यांचा ठेवा, नायक घाबरट तरुण, आणि चित्रपट शंभर कोटींच्या पलीकडे, तोही हिंदीत. मराठी लोककथेला बाजार नाही, हे म्हणणे आता कोणी करू नये. मराठी भाषेला बाजार नाही असे निर्मात्यांना वाटते, एवढेच त्यातून सिद्ध होते.

पालकांसाठी एक सूचना येथेच करायला हवी. 'तुंबाड' लहान मुलांसाठी नाही. बाळकृष्णाला नागाशी लढताना पाहणे वेगळे आणि हावरट हस्तराला पाहणे वेगळे.

मुलांबरोबर बसून पाहावेत असे चित्रपट मात्र देशातच पुष्कळ आहेत. सत्यजित राय यांचा 'गुपी गायन बाघा बायन' (१९६९) सर्वांत आधी पाहावा. गावाने हाकलून दिलेले दोन बेसूर गायक-वादक, त्यांना भुतांच्या राजाने दिलेले तीन वर, आणि शेवटी उपाशी सैन्यापुढे मिठाईची भांडी उतरवून थांबवलेले युद्ध. राय यांनी ही कथा आपल्या आजोबांकडून, उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांच्याकडून घेतली, म्हणजे घरातूनच घेतली. मल्याळममधील 'माय डिअर कुट्टिचात्तन' (१९८४) हा देशातील पहिला त्रिमितीय चित्रपट. मांत्रिकाच्या कैदेतील एका चेटक्या पोराला तीन मुले सोडवतात. मुले भिंतींवरून आणि छतावरून चालतात त्या प्रसंगासाठी संपूर्ण खोलीच फिरती बांधण्यात आली होती. हिंदी 'छोटा चेतन' (१९९८) या नावाने तो महाराष्ट्रातही पोचला आणि चष्मे लावून तो पाहिलेली मुले आज स्वतः पालक आहेत. विशाल भारद्वाज यांचा 'मकडी' (२००२) त्याहून धिटाईचा आहे. वाड्यातील चेटकीण माणसांचे प्राणी करते, अशी गावाची खात्री असते. बहिणीला सोडवायला निघालेल्या मुलीला उमगते, की चेटकीण हेच एक थोतांड आहे.

'मकडी'चा उल्लेख आणखी एका कारणाने आवश्यक आहे. जादूचे चित्रपट मुलांना अंधश्रद्धाळू करतात, ही शंका महाराष्ट्रात वारंवार घेतली जाते, आणि २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा करणाऱ्या राज्यात ती घेतली जाणे स्वाभाविक आहे. या चळवळीचे एक प्रमुख केंद्र नागपूरच राहिले आहे. परंतु कायदा ज्याला अटकाव करतो तो भोंदू आणि कथेतील जादूगार यांत फरक आहे. भोंदू खरेपणाचा दावा करून पैसे, शरीर किंवा प्राण मागतो. कथा असा दावाच करत नाही. मुलाला हा फरक बहुधा मोठ्यांपेक्षा लवकर कळतो. अडचण तेव्हा येते जेव्हा चित्रपटच हा फरक पुसतो आणि अंगात येणे हे गमतीचे ठरवतो. अशा चित्रपटांची यादी मराठीतही करता येईल, आणि ती लहान होणार नाही.

परदेशी चित्रपटांत हॅरी पॉटरची आठ चित्रपटांची मालिका (२००१ ते २०११) सांगण्याची गरज नाही. ती प्रत्येक घरात पोचली आहे. न पोचलेला एक चित्रपट मात्र आवर्जून सांगावा लागेल, तो म्हणजे हायाओ मियाझाकी यांचा 'स्पिरिटेड अवे' (२००१). दहा वर्षांच्या चिहिरोचे आईवडील अधाशीपणामुळे डुकरे होतात, तिचे नाव हिरावले जाते आणि देवतांच्या स्नानगृहात तिला राबावे लागते. एके दिवशी तेथे दुर्गंधी पसरवणारा, चिखलाने बरबटलेला पाहुणा येतो. सारे नाक मुरडतात. चिहिरो त्याच्या अंगात रुतलेली वस्तू ओढू लागते, तर सायकलपासून सारा कचरा भळाभळा बाहेर येतो, आणि मागे उरते एक स्वच्छ नदीदेवता. नाग नदीच्या काठी वाढलेल्या मुलाला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. मियाझाकी यांनी जपानी देवदेवता जगाला कळतील अशा सौम्य करून सांगितल्या नाहीत. जशा होत्या तशाच ठेवल्या, आणि चित्रपटाला ऑस्कर मिळाले.

रामटेकला नेमके हेच लागू होते. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ज्या गडाला 'मेघदूता'तील रामगिरी ठरवले, तेथे शापित यक्ष आहे आणि निरोप नेणारा ढग आहे. गुजरातेतला एक राजपुत्र रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून घर सोडतो आणि पुढे चक्रधर होतो, ही महानुभाव परंपरेतील कथा आहे. शंबुकवधाची कथाही याच गडाशी जोडली जाते, आणि येथील अद्भुतावर जो कोणी प्रामाणिकपणे लिहील त्याला ती वगळून पुढे जाता येणार नाही. १९९७ मध्ये स्थापन झालेले कवि कुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठ येथेच आहे. पूर्वेकडच्या जिल्ह्यांत दंडार आणि झाडीपट्टीची रंगभूमी आहे, जेथील कलावंतांना रात्रभर प्रेक्षक धरून ठेवण्याची सवय आहे. कथेचा कच्चा माल आणि माणसे असे दोन्ही हाताशी आहे.

नाही ते पटकथा लिहिण्याचे आणि लिहिणाऱ्याला दोन वर्षे पोसण्याचे तंत्र. मुंबईत गोरेगावची चित्रनगरी दादासाहेब फाळके यांच्या नावाने आहे आणि तेथे मुक्काम मुख्यतः हिंदीचा आहे. कोल्हापूरच्या चित्रनगरीनेही चढउतार पाहिले. रामटेकमध्ये तलाव, डोंगर आणि जंगल आयतेच मिळत असल्याने चित्रीकरणासाठी बाहेरची मंडळी येतील, हॉटेले चालतील, काही तरुणांना रोजगार मिळेल. हे लाभ खरे आहेत आणि त्यांना नाक मुरडण्याचे कारण नाही. पण शासनाच्या आराखड्यात स्टुडिओ आणि रस्ते यांच्या जोडीला मराठी ध्वनिमुद्रणाची सोय, दृश्यपरिणामांचे प्रशिक्षण आणि बालचित्रपटांच्या लेखनासाठी वेगळी तरतूद नसेल, तर खिंडसीच्या काठावर कदाचित पुढचा प्रल्हादही चित्रित होईल, आणि तोही पाच भाषांत बोलेल.