पिवळी पिशवी वाया घालवू नका

चार वर्षांची मुलगी सकाळी उठते आणि मोरीपर्यंत जाता जाता दोनदा पडते. ‘पाय दुखतात’ म्हणते. शाळा बुडवायचं नाटक, असं वाटून आई रागावते. संध्याकाळी ती जमिनीवरून उठताना मांडीला हात टेकते, दुसऱ्या दिवशी कडेवरच घ्यावी लागते. डॉक्टर गुडघ्यावर रबरी हातोडी मारतात. पाय हलत नाही.

गुइयाँ-बारे सिंड्रोम, म्हणजे जीबीएस. जानेवारी २०२५मध्ये किरकटवाडी, नांदेड, धायरी या सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात साथ आली आणि ही तीन अक्षरं पुणेकरांना पाठ झाली. कॅम्पायलोबॅक्टरसारखा जंतू दूषित पाण्यातून पोटात जातो, त्याच्याशी लढता लढता शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच मज्जातंतूंवर उलटते. लुळेपणा पायांतून वर चढतो; छातीपर्यंत पोचला तर व्हेंटिलेटर. बहुतेक मुलं यातून बरी होतात, पण औषध पहिल्या दोन आठवड्यांत मिळालं तर त्याचा उपयोग. स्टिरॉइड इथे कामाला येत नाही. प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पिवळसर द्रव, बदलण्याचा उपाय आहे, पण त्यासाठी एवढ्याशा पोरीच्या शिरेत जाड नळी घालून रक्त बाहेर फिरवावं लागतं. म्हणून लहान मुलांच्या वॉर्डात आधी मागवतात ते इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे दात्यांच्या प्लाझ्मातून वेगळी काढलेली प्रतिपिंडं.

वजनाच्या किलोमागे दोन ग्रॅम. पंधरा किलोच्या मुलीला तीस ग्रॅम, म्हणजे पाच ग्रॅमच्या सहा बाटल्या. साथीच्या दिवसांत एका इंजेक्शनचा खर्च वीस हजारांच्या घरात असल्याच्या बातम्या येत होत्या. पैसे एक वेळ उभे राहतात. औषधाचा कच्चा माल मात्र माणसाच्या रक्ताखेरीज कुठेच मिळत नाही. लिटरभर प्लाझ्मातून हाती लागतं साधारण चार ग्रॅम. एका रक्तदात्याच्या पिशवीतून प्लाझ्मा निघतो जेमतेम दोनशे मिलिलिटर. मांडा हिशोब: त्या एका मुलीसाठी पस्तीस-चाळीस जणांनी बाही वर केलेली असते. प्रत्यक्षात हजारो दात्यांचा प्लाझ्मा एकत्र करूनच औषध बनतं, तेव्हा कुणाच्या रक्तातलं काय तिच्या नसेत गेलं, हे कुणालाच कळत नाही.

म्हणून मंडळांच्या कार्यकर्त्यांना, सोसायट्यांना, कॉलेजच्या पोरांना हात जोडून सांगणं आहे.

शिबिरं आपण भरपूर घेतो. साहेबांच्या वाढदिवसाला एका मांडवात पाचशे पिशव्या, वर विक्रमाचा फ्लेक्स. मीही अशा मांडवांत बिस्किटं आणि चहा वाटलाय, त्यामुळे हे घरचंच भांडण समजा. लाल पेशी पाच-सहा आठवडेच टिकतात. एकदम गोळा झालेल्या पिशव्या मुदत संपून फेकायची वेळ येते आणि मे महिन्यात, दिवाळीच्या सुट्टीत रक्तपेढ्या फोनवर फोन करत बसतात. प्लाझ्माचं तसं नाही. रक्त काढल्यापासून काही तासांत वेगळा करून उणे तीस अंशांवर गोठवला, तर तो वर्षभर राहतो. रक्त गरगर फिरवणारं सेंट्रिफ्यूज यंत्र थांबल्यावर पिशवी हातात घेऊन बघा एकदा: लाल गाळ खाली बसलेला, वर गव्हाच्या काडीच्या रंगाचं पाणी. ते वेगळं न काढताच अख्खं रक्त कुणाला चढवलं, तर औषधाचा तेवढा माल गेला.

तेव्हा पाचशेच्या एका शिबिराऐवजी पन्नासची दहा घ्या, तीही वर्षभर पसरून. दुपारी बारानंतर भाषणं नकोत. पिशव्या घेतलेली गाडी वेळेत निघू द्या. वय अठरा ते पासष्ट, वजन पंचेचाळीस किलोच्या वर, हिमोग्लोबिन किमान साडेबारा असेल तर पुरुषांना दर तीन महिन्यांनी आणि बायकांना दर चार महिन्यांनी रक्त देता येतं. रक्तगट दुर्मीळ नाही म्हणून मागे राहू नका. या औषधाला कुठल्याही गटाचा प्लाझ्मा चालतो.

मे महिन्यातली एक तारीख आजच पक्की करा. मग रक्तपेढीला फोन लावा आणि मांडव, बॅनर, प्रमाणपत्रं यांच्या आधी एवढंच विचारा: तुमच्याकडे प्लाझ्मा वेगळा काढतात का, आणि उरलेला औषधासाठी पुढे जातो का?