विश्लेषण : ब्रॉयलर कोंबड्यांना मोहाची पेंड का चालत नाही?

गोंदिया जिल्ह्याच्या देवरी तालुक्यातील चिचगड परिसरात मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचली जातात आणि पावसाच्या तोंडावर त्याच झाडांखाली बिया. बियांचे तेल काढले की पेंड उरते. दुसरीकडे ब्रॉयलर पालनातील 60 ते 70 टक्के खर्च एकट्या खाद्याचा असतो आणि ते खाद्य मका व सोयापेंडीवर अवलंबून आहे. 2021 मध्ये सोयाबीन क्विंटलमागे 10 हजार रुपयांच्या आसपास गेले, तेव्हा केंद्राला जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची 12 लाख टन पेंड आयात करण्याची परवानगी द्यावी लागली. पुढे मका इथेनॉलकडे वळू लागला. अशा वेळी रानातली पेंड वापरण्याची कल्पना पुन्हा पुन्हा पुढे येते.

अडचण नेमकी कुठे?

गोंदिया हा तलावांचा जिल्हा. मत्स्यबीज सोडण्याआधी तळ्यातले नको असलेले मासे मारण्यासाठी मोहाची पेंड टाकण्याची पद्धत जुनी आहे. पेंडीतील सॅपोनिन माशांच्या कल्ल्यांवाटे रक्तात जाऊन रक्तपेशी फोडते. कोंबडी त्याने लगेच मरत नाही, पण पेंड कडू लागते, आतड्याला त्रास होतो, पक्षी कमी खातो आणि वजन मागे पडते. ब्रॉयलर 40 दिवसांच्या आसपास विकायचा असतो. त्यात आठवडाभर वाढ खुंटली तरी नफा गेला. शिवाय सोयापेंडीत 44 ते 48 टक्के प्रथिने असतात, मोहाच्या पेंडीत साधारण 16 ते 20. पिलांच्या खाद्यात सरासरी 22 टक्के लागतात. म्हणजे मोहाची पेंड वाढवली की दुसरीकडून प्रथिने विकत आणणे आले.

चिंचोक्यांचेही तसेच. चिचगडच्या नावातच चिंच ऐकू येते. पण चिंचोक्याच्या टरफलात टॅनिन असते आणि आतल्या गरात चिकट शर्करा. त्याच चिकटपणामुळे चिंचोक्यांची खळ कापडाला चालते, मात्र कोंबडीचे पचन मंदावते, ती पाणी जास्त पिते आणि शेडमधला भुसा ओला होतो. भाजून टरफल काढले तर टॅनिन बरेच कमी होते, चिकटपणा मात्र उरतो. करंजाच्या पेंडीवर बरेलीजवळील इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेत चुना, कॉस्टिक सोडा, पाण्याने धुणे असे उपाय तपासले गेले. सोयापेंडीची पूर्ण जागा ती घेऊ शकली नाही.

धुऊन वापरली तर?

गरम पाण्याने वारंवार धुतल्यास मोहाच्या पेंडीतले सॅपोनिन बरेच उतरते. त्यासोबत काही पोषणही वाहून जाते. पण खरा प्रश्न वाळवण्याचा आहे. बिया जून-जुलैत येतात, तेव्हा पूर्व विदर्भात धो-धो पाऊस असतो. ओली पेंड राहिली तर बुरशी धरते आणि बुरशीचे विष पिलांना सॅपोनिनपेक्षाही महागात पडते. धुतलेले पाणी तलावात सोडता येत नाही, हेही आलेच.

निर्णय कोणाचा?

बहुतेक ब्रॉयलर शेतकरी कंपनीशी करारावर काम करतात. पिल्लू, खाद्य, औषध कंपनीचे. शेड आणि कष्ट शेतकऱ्याचे, मोबदला किलोमागे. असा शेतकरी खाद्यात स्वतःहून काही मिसळू शकत नाही. त्यामुळे प्रक्रिया केलेली पेंड खपायची तर ती कंपनीच्या खाद्य कारखान्यात खपली पाहिजे. तिथे वर्षभर एकसारखा दर्जा आणि ट्रक भरेल इतका माल लागतो. दोन-तीन गावांच्या बियांत ते जमणारे नाही.

बिया वेचणाऱ्यांचा हिशेबही वेगळाच आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची मालकी त्यांना दिली, तर केंद्राने 2020 मध्ये मोहाच्या बियांचा हमीभाव किलोला 29 रुपये केला. पण सोयापेंडीशी स्पर्धा करायची म्हणजे पेंड स्वस्तच विकावी लागणार, कमाई तेलातच. परसातल्या गावरान कोंबडीला वाढीची घाई नसते, तिच्या खाद्यात धुतलेली थोडी पेंड तपासून पाहता येईल. उरलेल्या पेंडीला तळ्यांसाठी आणि खत म्हणून गिऱ्हाईक आहे, तेही न धुता.